छत्रपती संभाजीनगरमध्ये दीड महिना मुक्काम: काय पाहावं, कुठे काय खावं?

मुक्काम_उस्मानपुरा

कंपनीच्या कामासाठी डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणार आहे. खोली उस्मानपुऱ्यात, काम वाळूज एमआयडीसीत. सुट्टी सोमवारी. बाकीच्या दिवशी साडेतीनला शिफ्ट सुटते, म्हणजे संध्याकाळ मोकळी. याशिवाय दोन रजा टाकता येतील.

मधले आठ दिवस आई येणार आहे. वय ६८, गुडघे दुखतात. पन्नासेक पायऱ्या सावकाश चढते, त्यापुढे नको. ती पूर्ण शाकाहारी, मला सगळं चालतं. स्वतःची गाडी नाही. एसटी, रिक्षा चालेल, गरज पडली तर दिवसभरासाठी गाडी ठरवेन.

नेटवर मिळतात त्या सगळ्या याद्या दोन दिवसांत उरकायच्या आहेत: वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की एका दिवसात आणि अजिंठा दुसऱ्या दिवशी. मला तशी घाई नाही. वेळ हाताशी असताना क्रम कसा लावावा, आईला कुठे नेता येईल, आणि रोजच्या जेवणापासून इथल्या खास पदार्थांपर्यंत कुठे काय खावं, हे सांगाल का?

---

लेणीवाट

सगळ्यात आधी वार पक्के करा, बाकीचं त्यावर बसतं. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. तुमची सुट्टीच सोमवारी असल्याने अजिंठ्यासाठी एक रजा आत्ताच बाजूला ठेवा आणि ती बुधवार किंवा गुरुवारी घ्या. शनिवार-रविवार टाळा. नाताळ ते १ जानेवारी तर नकोच. शाळांच्या सहलीही याच दिवसांत निघतात, आणि सहलीच्या चार एसट्या एकदम रिकाम्या झाल्या की १ नंबरच्या लेण्यात उभं राहायला जागा उरत नाही.

वेरूळला मात्र दोनदा जा. शहरापासून जेमतेम ३० किमी आहे. एकूण ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. एका फेरीत सगळी बघणारा माणूस विसाव्या लेण्यानंतर नुसता चालत असतो, बघत नसतो.

इथल्या लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत. सकाळी दर्शनी बाजू सावलीत असते आणि दुपारनंतर ऊन आत शिरतं. म्हणून पहिल्या सोमवारी अकराच्या सुमाराला पोचा आणि दक्षिणेकडच्या बौद्ध लेण्यांपासून सुरुवात करा. वेळ १० आणि १२ नंबरला द्या. १० म्हणजे चैत्यगृह, स्थानिक लोक त्याला सुताराची झोपडी म्हणतात. छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या दगडातच कोरल्या आहेत. १२ म्हणजे तीन ताल. बाहेरून साधी तीन मजली इमारत वाटते, म्हणून लोक पुढे निघून जातात. तिसऱ्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धमूर्ती आहेत, तिथपर्यंत चढाच.

अडीचच्या सुमाराला १६ नंबर, कैलास. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळातलं, म्हणजे आठव्या शतकातलं हे काम. डोंगर वरून खाली खोदत नेलाय, त्यामुळे चुकलेला दगड बदलून दुसरा बसवायची सोयच नव्हती. आत शिरल्यावर उजवीकडच्या भिंतीवर रामायणाचा पट आणि डावीकडे महाभारताचा. उजव्या बाजूनेच पुढे गेलात की खालच्या अंगाला कैलास हलवणारा रावण दिसेल. त्याच्यासमोर थांबून वर पाहा: पार्वती घाबरून शंकराकडे कलली आहे, मागे एक दासी पळत सुटली आहे आणि शंकर पायाने डोंगर दाबून स्वस्थ बसलाय. बहुतेक लोक हत्तींजवळ फोटो काढून परततात आणि हे शिल्प राहून जातं.

बाहेर आल्यावर कैलासाच्या दक्षिणेकडून एक पायवाट डोंगरावर चढते. वरून कडेकडेने फिरत संपूर्ण मंदिर खाली दिसतं. उन्हं उतरताना वर असाल अशा बेताने निघा. कडेला कठडा नाही तिथे जाऊ नका, दगडावर बारीक मुरूम असतो, पाय सरकतो.

दुसऱ्या फेरीला सकाळी लवकर जा आणि १४, १५, २१, २९ आणि जैन लेणी पाहा. कैलासापासून जैन लेणी बरीच लांब आहेत. आवारात फेऱ्या मारणारी गाडी मिळते, ती घ्या. ३२ नंबरची इंद्रसभा सोडू नका. वरच्या मजल्यावरचं छताचं कमळ आणि आंब्याच्या झाडाखालची अंबिका, दोन्हींचं काम फार नाजूक आहे.

तिकीट अजिंठा आणि वेरूळला भारतीयांसाठी ४० रुपये, ऑनलाइन काढलं तर ३५. मकबरा, दौलताबाद आणि औरंगाबाद लेणी २५, ऑनलाइन २०. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. खिडकीवर रांग असेल तर तिथला क्यूआर स्कॅन करून काढलेलं तिकीट लवकर हाती येतं, पण वेरूळला रेंज रुसते. शहरातूनच काढून ठेवा.

आता अजिंठा. अंतर १०० किमी, वेळ अडीच ते तीन तास. मध्यवर्ती बसस्थानकावरून सिल्लोडमार्गे जळगावला जाणारी एसटी पकडा आणि कंडक्टरला ‘अजिंठा लेणी टी पॉइंट’ असं स्पष्ट सांगा. नुसतं ‘अजिंठा’ म्हणालात तर अजिंठा गावात उतरवतील. ते गाव घाटाच्या अलीकडे, लेण्यांपासून दहाएक किलोमीटर आधी आहे. टी पॉइंटवरून पुढचे चार किलोमीटर खासगी गाडी सोडत नाहीत, तिथली शटल बसच घ्यावी लागते. जेवण-पाण्याची सोय टी पॉइंटला आणि लेण्यांच्या पायथ्याशी आहे, वर नाही. पाण्याची बाटली भरून न्या.

लेणी ९ ला उघडतात. शहरातून सहाच्या आत निघालात तर उघडण्याच्या वेळेला दारात असाल. चित्रांसाठी १, २, १६ आणि १७ ही चार लेणी महत्त्वाची. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, चपला बाहेर, फ्लॅश बंद. आत गेल्या गेल्या काही दिसत नाही आणि निम्मे लोक तेवढ्यावर बाहेर पडतात. भिंतीकडे पाठ करून नव्हे, भिंतीकडे तोंड करून तीन-चार मिनिटं नुसतं उभं राहा. डोळे अंधाराला सरावले की आधी पांढरे रंग उमटतात, मग दागिने, मग चेहरे. मध्येच मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलंत तर डोळे पुन्हा पहिल्यापासून सरावायला लागतात.

१ नंबरला गाभाऱ्याच्या दाराच्या डाव्या अंगाला पद्मपाणी. २ नंबरचं छत. १७ नंबरच्या ओसरीवर आणि आत जातककथा. १९ नंबरची दर्शनी कमान आणि २६ नंबरचा महापरिनिर्वाणातला निजलेला बुद्ध ही दोन शिल्पं चित्रांइतकीच वेळ देण्याजोगी आहेत. १० नंबर सर्वांत जुन्यांपैकी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी इथे पोचला आणि खांबावर नाव कोरून गेला. ती अक्षरं आज डोक्याच्या वर दिसतात, कारण तेव्हा लेण्यात मातीचा थर साचलेला होता आणि तो त्या थरावर उभा होता.

---

देवगिरीकर

वरच्या प्रतिसादाला दौलताबादची जोड देतो. किल्ला शहरापासून १५ किमीवर, वेरूळच्याच रस्त्यावर. त्यामुळे सगळे तो वेरूळला जाता जाता ‘करून टाकतात’, म्हणजे पायथ्याचा चांद मिनार बघून निघतात. या किल्ल्याला स्वतंत्र सकाळ हवी. माथ्यावरच्या बारादरीपर्यंत जाऊन यायला अडीच ते तीन तास धरा.

जायचं असेल तर उघडल्याबरोबर. काळा दगड दहानंतर डिसेंबरातसुद्धा तापतो आणि चढावर सावली कमी. खंदकावरचा पूल ओलांडला की अंधारी लागते, कातळातून वर जाणारा वळणावळणाचा भुयारी मार्ग. शत्रूला चकवण्यासाठीच तो असा केलेला आहे: पायऱ्या एकसारख्या उंचीच्या नाहीत, आणि मध्येच दिशा बदलते. मोबाइलची बॅटरी पुरेशी ठेवा, एक हात भिंतीला असू द्या, आणि वटवाघळांचा वास सहन होत नसेल तर रुमाल. अंधारी नको असेल त्यांच्यासाठी बाहेरून पायऱ्यांची वाट आहे.

चिनी महाल आणि मेंढा तोफ खंदकाच्या अलीकडेच लागतात, बारादरी अंधारीनंतर वर. गोवळकोंड्याचा शेवटचा कुतुबशाह अबुल हसन याच चिनी महालात कैदेत होता. मेंढा तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं मुंडकं ओतलेलं आहे, त्यावरून नाव. माकडं धीट आहेत. खाण्याची पिशवी हातात दिसली की ओढतात, पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा.

आईंना पायथ्यापुरतं आणा. चांद मिनार, हत्ती हौद, भारतमाता मंदिराचा खांबांचा प्रशस्त चौक, इतका भाग बऱ्यापैकी सपाट आहे आणि तासभर छान जातो. बाहेर रस्त्यावर पेरू विकणारे बसतात. दौलताबादचे पेरू या दिवसांत उत्तम असतात. सीताफळांचा हंगाम मात्र तुम्ही याल तोवर संपलेला असेल.

रस्त्याबद्दल एक सूचना. वेरूळकडे जाताना गाड्यांना किल्ल्याच्या जुन्या तटातल्या अरुंद दरवाजातून एकेक करून जावं लागतं. रविवारी संध्याकाळी परतताना तिथे हमखास कोंडी होते. सोमवार असल्याने तुमची त्यातून सुटका आहे.

पण सोमवारची दुसरी बाजू घृष्णेश्वर. वेरूळ लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, आणि सोमवारी रांग मोठी. आईंना दर्शन घ्यायचं असेल तर दुसरी रजा त्या आठवड्यातल्या बुधवार-गुरुवारी घ्या, म्हणजे वेरूळ आणि दर्शन दोन्ही निवांत होईल. गाभाऱ्यात पुरुषांना अंगातला सदरा-बनियन काढूनच जाता येतं, आणि मोबाइल आत नेता येत नाही. खुलताबादचा भद्रा मारुती तिथून चार-पाच किलोमीटर, निजलेल्या अवस्थेतली मूर्ती. तिथे शनिवार टाळा.

---

गुलमंडी_ते_शहागंज

खाण्याचं मी सांगते.

या शहराची खरी ओळख नान खलिया. खलिया म्हणजे मटणाचा पातळ, मसालेदार रस्सा. नान पंजाबी हॉटेलात मिळतो तसा पातळ नसतो, जाड, मऊ, वरून पिवळसर तांबूस आणि तंदूरमधून दिवसभर घाऊक निघणारा. तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली तेव्हा फौजेसाठी हा प्रकार सुरू झाला असं इथे सांगतात. मोठ्या डेगीत एकदम शिजणारा रस्सा आणि साठवून नेता येणारा नान, हे लष्करी जेवणाला शोभतंही.

शहागंज, चेलीपुरा, बुढ्ढी लेन, रोशन गेट या पट्ट्यात मिळतो. बसल्याबरोबर विचारायचं: छोट्याचं की मोठ्याचं? छोट्याचं म्हणजे बोकडाचं, मोठ्याचं म्हणजे म्हशीचं. कोणी वाईट वाटून घेत नाही, हा रोजचा प्रश्न आहे. वर लाल तर्री तरंगते. तिखट झेपत नसेल तर ‘तर्री कम’ सांगा, डेगीच्या मधून वाढतात. नान तोडून वाटीतच टाकायचा आणि भिजू द्यायचा. दुपारी एक ते अडीच ही उत्तम वेळ. रात्री उशिरा गेलात तर नान गार होऊन चिवट झालेला असतो आणि रस्सा आटून खारट लागतो. पार्सल नेणार असाल तर नान कागदात घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरून लगदा होतो.

जुन्या शहराची एक संध्याकाळ पायीच करा. पैठण गेटपासून टिळक पथाने गुलमंडी, सुपारी हनुमानाचं दर्शन, मग मछली खडक, सिटी चौक, शहागंजचा घड्याळाचा टॉवर. दीड-दोन किलोमीटरचा पट्टा, पण गर्दीतून दोन तास लागतात. रिक्षा आत नेऊ नका, अडकते. गुलमंडीला उत्तम मिठाई भांडारची इमरती घ्या. जिलेबी मैद्याची, इमरती उडदाच्या डाळीची, म्हणून ती आतून जाळीदार असते आणि पाक धरून ठेवते. गरम कढईतून निघते तेव्हाच खायची. डब्यात भरून खोलीवर नेलीत तर दुसऱ्या दिवशी पाक कडेला साखरतो.

पानाची आवड असेल तर तारा पान सेंटर तुमच्याच उस्मानपुऱ्यात आहे, जेवून पायी जाता येईल.

आईंसाठी बसस्थानक ते रेल्वे स्टेशन या रस्त्यावरची शाकाहारी थाळीची हॉटेलं सोयीची. रात्री साडेसातच्या आत जा. त्यानंतर लेण्यांहून परतलेल्या सहलींच्या बस येतात आणि वाढप घाईचं होतं. बसताना तिखट आणि गोड वेगळं वाढायला सांगा, नाहीतर गुजराती पद्धतीची गोड डाळ ताटात आधीच आलेली असते.

रोजच्या जेवणासाठी मेस लावा. उस्मानपुरा आणि औरंगपुऱ्यात कॉलेजं असल्यामुळे मेस भरपूर आहेत. महिन्याचे पैसे आगाऊ देण्याआधी दोन-तीन ठिकाणी एकेक वेळचं जेवण घेऊन पाहा, आणि पाहायचं ते बुधवार-गुरुवारी. रविवारी दुपारी सगळ्याच मेस गोडधोड करतात, त्यावरून अंदाज येत नाही. तीन गोष्टी विचारा: ज्वारीची भाकरी रोज मिळते का, रविवारी रात्री बंद असते का (बहुतेक असतेच), आणि गैरहजेरीचे खाडे धरतात का. तुमच्या सोमवारच्या भटकंतीमुळे खाडे बरेच पडतील, म्हणून महिन्याऐवजी कूपन मिळत असतील तर तेच घ्या.

मराठवाडी चव हवी असेल तर येसर आमटी, धपाटे-दही, शेंगदाण्याची चटणी आणि सुशीला विचारा. येसर म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेलं पीठ. ते पाण्यात कालवून फोडणीत टाकलं की झटपट आमटी होते. सुशीला म्हणजे भिजवून पिळलेल्या मुरमुऱ्यांना पोह्यांसारखी फोडणी. हॉटेलांच्या कार्डावर हे पदार्थ क्वचित दिसतात, मेसवाल्या काकू आदल्या दिवशी सांगितलं तर करतात.

---

मुक्काम_उस्मानपुरा

फारच उपयोगी. दोन गोष्टी अजून. रोजच्या संध्याकाळी उजेडात काय जमेल? आणि लोणार, पैठण यांपैकी आईबरोबर कुठे जावं?

---

लेणीवाट

उजेडाचं गणित करा. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, जानेवारीअखेर सव्वासहा. साडेतीनला सुटून नगर नाक्यावरच्या गर्दीतून शहरात यायला सव्वाचार. हाती दीड तास. यात एका संध्याकाळी एकच ठिकाण.

बीबी का मकबरा याच वेळेचा. शाहजादा आझमशाहने आईच्या, म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरास बानूच्या, स्मरणार्थ बांधला. ताजमहालाशी तुलना करत बघितला तर पाचच मिनिटांत संपतो. त्यापेक्षा जवळ जाऊन बांधणी बघा: खाली कमरेच्या उंचीपर्यंत संगमरवर, मग घुमटाच्या बुडापर्यंत काळ्या दगडावर पांढरा गिलावा, वर घुमट पुन्हा संगमरवरी. उन्हं तिरपी झाली की दोन्हींचा पांढरेपणा वेगळा दिसतो, भर दुपारी तो फरक कळत नाही. गिलाव्यातली वेलबुट्टी भिंतीलगत उभं राहून बघण्यासारखी. कबर आतल्या जाळीच्या कठड्यातून खाली दिसते. आईंना इथे अडचण नाही, बाग सपाट आहे, फक्त चौथऱ्याच्या पायऱ्या.

पाणचक्की दुसऱ्या संध्याकाळी. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांनी आणून भिंतीवर चढवलंय आणि तिथून हौदात सोडलंय. त्याच पाण्याच्या जोरावर दळणाचं जातं फिरायचं. हौदाजवळचा जुना वड आणि दर्गा मिळून अर्धा तास पुरे. शेजारचा महमूद दरवाजा अरुंद आहे, रिक्षा अलीकडेच सोडा. तशीच भडकल दरवाजाची फेरी. मलिक अंबरने १६१२ मध्ये मोगलांवरच्या विजयानंतर तो बांधला, आणि शहराची मूळ वसाहत खडकी हीसुद्धा त्याचीच, १६१० ची.

मकबऱ्याच्या मागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी संध्याकाळी घाईत बघू नका, एखाद्या सोमवारी सकाळी जा. एकूण १२, दोन मुख्य गटांत किलोमीटरभर अंतर. ३ नंबरच्या गाभाऱ्यात बुद्धासमोर गुडघे टेकून बसलेले माणसाच्या मापाचे भक्त आहेत, पागोट्यांच्या आणि केसांच्या तऱ्हांसकट. ७ नंबरला अष्टमहाभयांतून तारणारा अवलोकितेश्वर आणि आत नर्तकी व वादकांचा पट. लोक मकबऱ्यावरूनच परतात, म्हणून इथे अजून शांतता आहे. पायऱ्या बऱ्याच, आईंना नको.

१४ जानेवारी मात्र या बाजूला येऊ नका, किंवा मुद्दाम त्यासाठीच या. विद्यापीठाचा नामविस्तार दिन असतो, प्रवेशद्वाराशी मोठा जनसमुदाय जमतो आणि रस्ते वळवलेले असतात.

आईंसाठी अजिंठ्याबद्दल: सुरुवातीलाच उभ्या पायऱ्या आहेत. डोलीवाले मिळतात. दर आधी ठरवा आणि कुठल्या लेण्यापर्यंत नेणार तेही. नुसतं ‘वर’ असं ठरलं तर १ नंबरला उतरवून पुन्हा पैशांची बोलणी सुरू होते. वेरूळ त्यांना जास्त सोपं. कैलासाचा चौक जमिनीला समतल आहे, आणि तिथून गाडीने जैन लेण्यांपर्यंत जाता येतं.

---

नाथसागर

आईंना पैठण. लोणार तुम्ही एकट्याने.

पैठण ५० किमीच्या आसपास, एसटी सारख्या. एसटीत महिलांना निम्मं तिकीट, ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत. आधारकार्ड जवळ ठेवा. गोदाकाठी एकनाथ महाराजांचं समाधी मंदिर आणि गावात त्यांचा वाडा, तो गावातलं नाथमंदिर म्हणून ओळखतात. लोक समाधीला जाऊन परततात. वाड्यातही जा, रिक्षाने पाच मिनिटं.

पैठणी बघायची तर आधी विणकाम केंद्रात मागावर चालू असलेलं काम बघा, मग दुकानात. अस्सल हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करून पाहा. मोर, बांगडी, आसावली जशी वरून दिसते तशीच मागून दिसली पाहिजे. मागे दोरे सुटे लोंबत असतील किंवा कातरलेले असतील तर ती यंत्रमागाची. सेमी पैठणी म्हणून स्वस्तात घ्यायला हरकत नाही, अस्सल म्हणून त्या किमतीत नको. पदर भरायलाच विणकराचे किती दिवस जातात ते मागावर विचारा, म्हणजे किमतीचा उलगडा होतो.

पक्ष्यांची आवड असेल तर जायकवाडीचा जलाशय. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर डिसेंबरात चिखलाचे उथळ काठ पाण्याखाली असतात आणि रोहित पक्षी दूरच राहतात. पाणी ओसरत जातं तसे ते जवळ येतात. जानेवारीचा शेवटचा आठवडा त्यामानाने बरा. दुर्बिणीशिवाय जाऊ नका.

लोणार १४० किमीच्या आसपास, बुलढाणा जिल्ह्यात. उल्केच्या आघाताने बेसॉल्टमध्ये झालेलं विवर, व्यास साधारण १.८ किमी. एसटीने जाऊन-येऊन एका दिवसात होतं म्हणतात, पण मग विवरात उतरायला वेळच उरत नाही. गाडी ठरवा आणि पाचला निघा. समृद्धी महामार्गाने वेळ वाचतो. दुचाकीला तिथे परवानगी नाही, कोणाची बाइक उसनी घेऊन निघणार असाल तर जालनामार्गेच जावं लागेल.

क्रम असा: आधी गोमुखाजवळून विवरात उतरा, काठाकाठाने कमळजा मातेच्या मंदिराकडे, आणि ऊन चढायच्या आत वर. खाली हवा कोंडते, झाडी दाट, विकत काही मिळत नाही. माणशी दोन लिटर पाणी. तळ्याचं पाणी खारं आणि क्षारयुक्त आहे, काठाजवळचा चिखल वरून वाळलेला दिसतो पण पाय घोट्यापर्यंत जातो. एकट्याने उतरू नका, बिबट्याचा वावर आहे. स्थानिक माहितगार सोबत घ्या. वर आल्यावर गावातलं दैत्यसूदन मंदिर सावकाश बघा, बाहेरच्या भिंतीवरची शिल्पं भरगच्च आहेत.

वाटेत सिंदखेडराजा, जिजाऊंचं जन्मस्थान, लखुजी जाधवांचा राजवाडा. १२ जानेवारीला जिजाऊ जयंती, लाखोंची गर्दी. दर्शनासाठी जायचं असेल तर त्याच दिवशी जा, पण त्या दिवशी लोणार जोडू नका, गाडी तासन् तास हलणार नाही.

---

गुलमंडी_ते_शहागंज

एक राहिलं होतं, आणि तुमच्या तारखांना ते चुकवण्यासारखं नाही: हुरडा. ज्वारीची कोवळी कणसं गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, हातावर चोळून दाणे काढतात. डिसेंबरअखेर सुरू होतो, जानेवारीत जोरात. पैठण रोड, दौलताबाद, जालना रोड या बाजूंना शेतांवर सोय करतात.

फोन करताना विचारा: ज्वारी कुठली? सुरती आणि गुळभेंडी या हुरड्याच्या जाती. दाणा गोड, आणि चोळल्यावर तुसातून लगेच सुटतो. साधी रब्बी ज्वारी भाजून देत असतील तर कूस राहते आणि घशाला टोचते. दुसरं, आगटी ताटाजवळ आहे की लांब? हुरडा हातात आल्यापासून दोन-तीन मिनिटांत खायचा असतो, गार झाला की दाणा कडक होतो. भाजून टोपल्यात साठवलेला आणून देत असतील तिथे जाऊ नका. तिसरं, पैशांत दुपारचं जेवण धरलेलं आहे का. बहुधा असतं, पण शेंगदाण्याच्या चटणीबरोबर, गुळाबरोबर आणि दह्याबरोबर हुरडा खाल्ल्यावर भरताची भूक उरत नाही. नुसता हुरडा मिळत असेल तर तेवढाच सांगा.

सोमवारी शेतावर गर्दी नसते, पण त्यामुळे काही जण त्या दिवशी आगटी पेटवतही नाहीत. रविवारी संध्याकाळी फोन करून खात्री करून घ्या. सकाळी दहाच्या सुमाराला पोचा. आईंना बसायला खुर्ची सांगून ठेवा, आगटीभोवती सगळे जमिनीवरच बसतात.